सगळंच पित्त कसं असेल?

दवाखान्यात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी 'पित्त' असंच उत्तर देईन. ताप, शुगर, बीपी हे सगळे त्याच्या मागे. "डॉक्टर, पित्त लई वाढलंय बगा" असं म्हणत माणूस खुर्चीवर बसतो, आणि त्याला नेमकं काय होतंय हे कळायला पुढची पाच मिनिटं तरी लागतात.

कारण इचलकरंजीच्या मागावर रातपाळी करणारा तरुण जेव्हा पित्त म्हणतो तेव्हा त्याची छाती आणि घसा जळत असतो. कॉलेजची मुलगी पित्त म्हणते तेव्हा तिचं अर्धं डोकं ठणकत असतं आणि दोन उलट्या झालेल्या असतात. एखादी आजी पदर बाजूला सारून हातावरचे लाल चट्टे दाखवते, तेही पित्तच. चाळिशीतली बाई उजव्या बरगडीखाली हात धरून येते, तीही पित्त म्हणते. आणि पन्नाशीचा शेतकरी, ज्याला रानातून घरी येताना चढावर छातीत दाटून येतं, तोसुद्धा "पित्तच असंल, दुसरं काय" म्हणतो. या पाचही जणांनी येण्याआधी मेडिकलमधून आणलेली गोळी बहुतेक वेळा एकच असते.

माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे. बोलण्यात पित्त हा शब्द असू द्या, पण त्या एका शब्दावर गोळी घेऊ नका आणि डॉक्टरनेही ती देऊ नये. आधी विचारायला हवं, यातलं कुठलं पित्त?

हा घोळ झाला कसा?

आयुर्वेदात वात, पित्त, कफ हे तीन दोष आहेत आणि पित्ताचा अर्थ तिथे बराच व्यापक आहे. आंबट ढेकरा आणि जळजळ यांना तिथे वेगळं नाव आहे, अम्लपित्त. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात ते स्वतंत्र रोग म्हणून आलं आहे. पुढे आधुनिक वैद्यक मराठीत आलं तेव्हा यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या पाचकरसालाही पित्त हाच शब्द वापरला गेला आणि तो साठवणारी पिशवी झाली पित्ताशय. त्यात लोकांनी अंगावर उठणाऱ्या गांधींना आणि उलटीसह येणाऱ्या डोकेदुखीलाही तेच नाव दिलं. शब्द एक, आजार चार-पाच. घशाशी जे आंबट पाणी येतं ते जठरातलं आम्ल असतं, यकृतातलं पित्त नव्हे, हे अनेकांना सांगितलं की ते चकित होतात.

अंगावरच्या पित्तापासून सुरू करू, कारण ते सोपं आहे. ही त्वचेतली अॅलर्जीसारखी प्रतिक्रिया. हिस्टामिन नावाचं रसायन त्वचेत सुटतं, खाज येते, गांधी उठतात आणि काही तासांत जागा बदलतात. आमसुलाचं पाणी लावल्यावर गार वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण आम्ल कमी करणारी गोळी इथे काम करत नाही. इथे अॅलर्जीची गोळी लागते, आणि ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकू लागला तर ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. गंमत अशी की जठरात आम्ल सोडण्याचा एक निरोपही हिस्टामिनच पोचवतं, पण त्याची कळ वेगळी आहे. ही वेगळी कळ ओळखून जेम्स ब्लॅक यांनी सिमेटिडिन हे औषध तयार केलं. ते 1976 मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलं आणि 1988 मध्ये ब्लॅक नोबेलचे मानकरी ठरले. म्हणजे त्वचेच्या आणि पोटाच्या 'पित्ता'त थोडं भाऊबंदकीचं नातं आहे खरं, पण औषधाचं घर वेगळं.

डोक्याचं पित्त म्हणजे बहुतेक वेळा मायग्रेन. उपाशी राहिलं, ऊन लागलं, झोप झाली नाही, पाळीचे दिवस आले की डोकं उठतं, उजेड आणि आवाज नको होतो, मळमळतं. शेवटी पिवळं कडू पाणी पडतं आणि थोड्या वेळाने बरं वाटतं. मग घरचे म्हणतात, "पित्त पडलं, आता बरं वाटंल." वास्तविक मायग्रेनमध्ये जठराचं काम मंदावतं, उलटी हा त्या झटक्याचाच एक भाग असतो आणि पोट रिकामं झाल्यावर मागाहून आतड्यातलं पित्त वर येतं. ते कारण नसतं, शेवटचं टोक असतं. या समजुतीपोटी कितीतरी लोक रोज सकाळी मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून उलटी काढतात. त्यांचे पुढचे दात आतून झिजलेले दिसतात आणि अन्ननलिका रोज आम्लाने धुतली जाते ती वेगळीच. मायग्रेनसाठी झटका थांबवणारी औषधं आहेत, वारंवार येत असेल तर टाळणारीही आहेत. पित्ताच्या गोळीने त्या मुलीची परीक्षेची दोन वर्षं वाया जाण्याचं काहीच कारण नाही.

पित्ताशयातले खडे वेगळे. जेवणानंतर, विशेषतः तेलकट जेवणानंतर, उजवीकडे बरगडीखाली किंवा वरच्या पोटात जोराची कळ येते, अर्धा तास ते काही तास टिकते, कधी पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते. सोनोग्राफीत कळतं. यावर जास्त लिहीत नाही.

आता त्या शेतकऱ्याबद्दल लिहितो. त्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे.

"गॅस छातीत अडकलाय" हे वाक्य आमच्या भागात इतकं रुळलं आहे की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. पोटातला वायू छातीत चढून अडकत नाही, त्याला तशी वाटच नाही. अन्ननलिका आणि हृदय मात्र छातीत अगदी शेजारी आहेत आणि दोघांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मणक्यातल्या जवळपास त्याच पातळीवर पोचतात. त्यामुळे दुखणं कुठून आलं हे मेंदूला नीट सांगता येत नाही. इंग्रजीतसुद्धा छातीतल्या जळजळीला 'हार्टबर्न' म्हणतात, म्हणजे गोंधळ फक्त आपलाच नाही.

प्रसंग साधारण असा घडतो. पहाटे चारला छातीत भरून येतं, घाम येतो. घरात कुणीतरी सोडा घालून पाणी देतं, कुणी पाठ चोळतं, कुणी ओवा देतं. एक मोठी ढेकर येते आणि सगळ्यांच्या जिवात जीव येतो. "बघा, गॅसच होता!" मग दिवस उजाडेपर्यंत थांबायचं, दूध डेअरीला घालून यायचं, नऊला मेडिकल उघडल्यावर गोळी आणायची. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली असेल तर या पाच तासांत तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरत असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी, पहिल्या दोन-तीन तासांत जो फायदा होतो तो नंतर होत नाही.

ढेकर आल्याने किंवा सोड्याने बरं वाटलं म्हणून हृदयाचा त्रास नव्हता असं ठरत नाही. हे मी पुन्हा लिहितो, कारण यावर सुशिक्षित माणसंही वाद घालतात. हृदयविकाराच्या झटक्यातही मळमळ आणि ढेकरा येतात, आणि दुखणं मध्येच कमीही होतं.

मग ओळखायचं कसं? घरी बसून पक्कं ओळखता येत नाही, पण संशय कधी घ्यायचा हे नक्की सांगता येतं. चालताना, जिना चढताना, एसटी पकडायला धावताना जळजळ किंवा दाटून येणं सुरू होतं आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत जातं, हे दुखणं हृदयाचं धरून चालावं. आम्लाला तुम्ही चढावर आहात की सपाटीवर याच्याशी सहसा देणंघेणं नसतं; त्याचा संबंध जेवणाशी, वाकण्याशी आणि आडवं होण्याशी असतो. जळजळीबरोबर घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, कारण नसताना प्रचंड थकवा असेल तर थांबू नये. मधुमेहींना आणि वयस्क बायकांना छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ, घाम एवढंच होऊ शकतं. चाळिशी ओलांडलेली आहे, शुगर किंवा बीपी आहे, तंबाखू-मिश्री आहे आणि 'पित्त' आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटतंय, तर आधी ईसीजी आणि मग गोळी. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी जायचं नसतं. काही वेळाने तो परत काढावा लागतो, रक्तातलं ट्रोपोनिन बघावं लागतं. रात्री-अपरात्री 108 ला फोन करा. मोटारसायकलवर मागे बसवून पेशंटला आणू नका.

हृदय, डोकं, त्वचा, पित्ताशय हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ती खरी छातीतली जळजळ. हा त्रास जिवावरचा नसतो, पण झोप खातो, आणि वर्षानुवर्षं चालतो.

जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर रस तयार होतो आणि त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल चांगलंच तीव्र असतं. जठराला आतून चिकट थराचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. दोघांच्या मध्ये एक स्नायूंचा आवळलेला पट्टा आहे. घास खाली जाताना तो उघडतो, मग मिटतो. तो भलत्या वेळी सैल पडला की रस वर येतो. बहुतेक पेशंटमध्ये आम्ल काही जास्त तयार होत नसतं. ते नको त्या जागी गेलेलं असतं. पाटाचं दार नीट बसलं नाही की पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं, तेव्हा आपण नदीला दोष देत नाही, तसंच हे. गोळीने पाण्याचा तिखटपणा कमी होतो, दार दुरुस्त होत नाही. म्हणूनच काही जण सांगतात, "जळजळ गेली डॉक्टर, पण पाणी अजून घशाशी येतंय." त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर असतं.

दार सैल पडतं त्याची कारणं आमच्याकडे कमी नाहीत. पोट गच्च भरलं की पट्ट्यावर दाब येतो. पोटावरची चरबी, करकचून बांधलेला पट्टा किंवा नाडी, गरोदरपण यांनी दाब वाढतो. तंबाखूतलं निकोटिन तो पट्टा ढिला करतं, आणि मिश्री म्हणजेही तंबाखूच, हे आमच्या मावश्यांना पटवणं फार अवघड जातं. "मी कुठं तंबाखू खाते, नुसती मिश्री लावते," असं म्हणत दिवसातून चार-पाच वेळा लावतात. दुपारची भाकरी खाऊन लगेच भांगलायला बसणाऱ्या, वाकून काम करणाऱ्या बायकांची जळजळ त्या वाकण्यामुळे असते. त्यांना मी जेवणाआधी वाकायचं काम आणि जेवणानंतर तासभर उभ्याचं काम असं उलटं करायला सांगतो. रानात ते नेहमी जमतंच असं नाही, पण ज्यांना जमतं त्यांना फरक पडतो.

गरोदरपणाबद्दल एक गोष्ट सांगतो. आईची छाती जळते म्हणजे बाळाला भरपूर जावळ आहे, असं आपल्याकडे म्हणतात. ही खुळी समजूत असेल असं वाटून बाल्टिमोरच्या संशोधकांनी 64 गरोदर बायकांचा अभ्यास केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त जळजळ झालेल्या बायकांच्या बाळांना खरोखरच जास्त केस निघाले! अभ्यास लहान आहे, त्यावर फार भिस्त ठेवू नये, पण आज्ज्या खूश होतात म्हणून सांगायला बरं वाटतं.

आता तिखट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉक्टरला याबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही. जळजळ म्हटली की पहिलं वाक्य "तिखट बंद करा" हेच येतं. मला हा सल्ला आळशीपणाचा वाटतो. तिखटाने झोंबतं हे खरं आहे. मिरचीतल्या कॅप्सायसिनने आपल्या नसांवरचं एक दार उघडतं, तेच दार उष्णतेने उघडतं आणि आम्लानेही उघडतं. ते शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे अन्ननलिका आधीच आम्लाने हुळहुळी झाली असेल तर खर्डा खाल्ल्यावर आग होणार, हे शास्त्राला धरून आहे. पण आम्ल वर ढकलण्याचं मुख्य काम मिरची करत नाही. माधवनिदान लिहिलं गेलं तेव्हा भारतात मिरची नव्हतीच. ती पोर्तुगीजांबरोबर त्यानंतर कितीतरी शतकांनी आली. अम्लपित्त मात्र तेव्हाही होतं.

म्हाईच्या रात्री त्रास होतो तो रश्श्याच्या रंगामुळे कमी आणि घड्याळामुळे जास्त. अकरा वाजता पंगत बसते, सुक्कं, तांबडा, पांढरा, वर भात, तरंगणारी तर्री, आणि साडेअकराला माणूस आडवा. तेलकट जेवण जठरातून सावकाश पुढे सरकतं. पोट भरलेलं, शरीर आडवं, दार ढिलं. तोच माणूस तेच जेवण दुपारी एकला, पोटात थोडी जागा ठेवून जेवला आणि संध्याकाळपर्यंत फिरता राहिला तर बऱ्याचदा काही होत नाही. तुम्हाला एखाद्या ठरावीक पदार्थाने दर वेळी त्रास होत असेल तर तो सोडा. वर्ज्य पदार्थांची छापील यादी भिंतीवर चिकटवून आयुष्य बेचव करू नका, ती यादी कुणी महिनाभरही पाळत नाही.

रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर, हा जळजळीवरचा सगळ्यात परिणामकारक घरगुती उपाय आहे. बाहुबलीच्या डोंगराच्या आसपासच्या गावांत सूर्यास्तापूर्वी जेवणारी जैन कुटुंबं आहेत. त्यांनी हा नियम धर्मासाठी पाळला आहे, पण रात्री छाती जळते म्हणून त्यांच्यातले फार थोडे लोक माझ्याकडे येतात. मागावरच्या आणि एमआयडीसीतल्या लोकांना हे सांगून उपयोग नाही, त्यांची पाळीच रात्री सुटते. त्यांनी मोठं जेवण डब्यात न्यावं, सात-आठच्या सुमारास पाळीतच खावं आणि घरी आल्यावर थोडासा दहीभात किंवा नुसतं ताक घेऊन झोपावं. बायकोने जागून गरम भाकऱ्या केल्यात म्हणून बारा वाजता पोटभर जेवायचं, याला प्रेम म्हणता येईल, पण अन्ननलिकेला ते कळत नाही.

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा, सहा ते आठ इंच उंची मिळाली पाहिजे. जास्तीची उशी घेऊन हे साधत नाही, उलट पोटात घडी पडून दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. जठराची ठेवण अशी आहे की त्या कुशीवर रस दाराच्या खाली राहतो. आणि वजन. चार-पाच किलो उतरले तरी फरक जाणवतो, हे मी पेशंटना पुन्हा पुन्हा सांगतो आणि ते पुन्हा पुन्हा ऐकून घेतात.

गार दुधाने थोडा वेळ थंड वाटतं, पण दुधातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने नंतर आम्ल सुटायला चालनाच मिळते. सोडा आणि फसफसणाऱ्या पुड्या कधीतरी चालतील, पण त्यात सोडियम भरपूर असतं. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी रोज घेऊ नये. अनशापोटी दोन कप चहा आणि त्यात बुडवून खारी, याबद्दल मी काही बोलत नाही, मीही तोच चहा पितो.

राहिली गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. ओमेप्राझोल स्वीडनमध्ये तयार झालं आणि 1988 मध्ये बाजारात आलं. त्याआधी अल्सरसाठी पोटं उघडावी लागत होती, हे जुन्या सर्जनना विचारा. औषध चांगलं आहे, म्हणूनच ते उधळलं जातंय याचं वाईट वाटतं. सर्दीच्या चिठ्ठीत पित्ताची गोळी, अँटिबायोटिकबरोबर पित्ताची गोळी, जीवनसत्त्वांबरोबर पित्ताची गोळी. "गरम औषधं आहेत, पित्त होईल" हे कारण पेशंटही सांगतात आणि काही डॉक्टरही. तरुण, धडधाकट माणसाला तीन दिवसांच्या औषधाबरोबर तिची सहसा गरज नसते. गरज कुणाला असते? साठी-पासष्टीच्या पुढे रोज वेदनाशामक घेणाऱ्यांना, पूर्वी अल्सर झालेल्यांना, रक्त पातळ करणारी किंवा स्टिरॉइडची औषधं त्यासोबत चालू असलेल्यांना. आमच्याकडे ऊसतोडीला आणि मागावर उभे राहणारे लोक अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक रोज चण्यासारखं खातात. त्यांनी वरून पित्ताची गोळी घेतली की आपण सुरक्षित झालो असं त्यांना वाटतं. जठर काही अंशी वाचतं, किडनी वाचत नाही.

त्या गोळीला 'डी' जोडलेली असली तर ते डोम्पेरिडोन असतं. त्याने काही जणांच्या हृदयाची लय बिघडू शकते म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी 2014 मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता, कमी मात्रेत आणि साधारण आठवडाभरासाठी मर्यादित केला. आमच्याकडे वर्षानुवर्षं ते रोज सकाळी घेणारे लोक आहेत. नुसत्या जळजळीसाठी 'डी' लागत नाही.

मग पित्ताची गोळी विषारी आहे का? समाजमाध्यमांवर तसं फिरतं आणि लोक घाबरून ती एकदम बंद करतात. साडेसतरा हजारांहून जास्त लोकांवर तीन वर्षं चाललेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल 2019 मध्ये आले. त्यात पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांमध्ये आतड्याचे संसर्ग किंचित जास्त दिसले. हाडं मोडणं, किडनीचा आजार, स्मृतिभ्रंश यांत स्पष्ट वाढ दिसली नाही. माझी काळजी वेगळी आहे. बी12 आधीच कमी असलेला शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर पाच-सात वर्षं रोज ही गोळी, असं त्रिकूट आमच्या भागात सारखं भेटतं. त्यांच्या पायांना मुंग्या येतात आणि ते शुगरला दोष देतात. त्यांनी बी12 तपासून घ्यावं.

आणखी एक अडचण आहे, जिच्यामुळे लोक गोळीला चिकटून बसतात. डेन्मार्कमध्ये 120 निरोगी, कसलाही पित्ताचा त्रास नसलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला, 2009 मध्ये तो छापून आला. निम्म्यांना आठ आठवडे या घराण्यातली गोळी दिली आणि मग न सांगता बंद केली. पुढच्या चार आठवड्यांत त्यांच्यातल्या 44 टक्के लोकांना जळजळ किंवा अपचनाचा त्रास झाला. ज्यांना सुरुवातीपासून खोटी गोळी होती त्यांच्यात तो 15 टक्के होता. दाबून ठेवलेल्या आम्लाच्या ग्रंथी सुटल्यावर काही दिवस जास्तच काम करतात. माणसाला वाटतं, "बघा, गोळी सोडली की पित्त उसळतं, म्हणजे मला ती जन्मभर लागणार." ते उसळणं बहुतेकांचं काही आठवड्यांत शांत होतं.

म्हणून बंद करायची ती टप्प्याने, आणि तुमच्या डॉक्टरला विचारून. अँजिओप्लास्टी झाली आहे, दुर्बिणीत अन्ननलिकेला जखमा दिसल्या आहेत, अल्सरमधून रक्त गेलं होतं, अशांनी हा लेख वाचून गोळी सोडायची नाही. बाकीच्यांनी 40 मिलिग्रॅमवरून 20 वर यायचं, दोन-चार आठवडे थांबायचं, मग एक दिवसाआड, मग लागेल तेव्हा. मधल्या काळात जळजळ झाली तर पातळ अँटासिड किंवा फॅमोटिडिन चालतं. (रॅनिटिडिन मागू नका. त्यात एनडीएमए हा घातक घटक सापडल्यामुळे अमेरिकेने ते 2020 मध्ये बाजारातून काढलं आणि 2022 मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेलं.) आणि गोळी चालू आहे तोवर ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या. जेवणानंतर किंवा झोपताना घेतलेली गोळी निम्मी वाया जाते. "फरक पडत नाही" म्हणणाऱ्या अनेकांची तक्रार एवढ्या एका बदलाने मिटते.

गोळी घ्यायची की सोडायची हा प्रश्नच ज्यांनी आत्ता बाजूला ठेवायचा, ते लोक असे. घास छातीत अडकतो, आधी भाकरी आणि मग भातसुद्धा. वजन आपोआप उतरतंय. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही पडतंय. शौचाला डांबरासारखं काळं होतंय आणि लोहाची गोळी चालू नाही. तपासणीत रक्त कमी निघालंय. किंवा पन्नाशीनंतर जळजळ नव्याने सुरू झाली आहे आणि जात नाही. यांनी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. ती पाच-दहा मिनिटांत होते, सकाळी उपाशीपोटी जावं लागतं, घशात फवारा मारून सुन्न करतात, आणि कोल्हापुरात सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातही त्यासाठी जाता येतं. जाताना आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, अंगदुखीच्या पुड्यांसकट.